गुरूवरची लाइट

काल वेंगुर्ल्यात वीज गेली, म्हणून खळ्यात चटई टाकली. झावळ्यांमधून गुरू दिसत होता. दुर्बिणीतून आजीला त्याचे चंद्र दाखवले; तिला तीनच दिसले.

त्यांतला आयो भलताच खटपट्या. त्याच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला साधारण एक टन गंधकयुक्त वायू अवकाशात जातो. गुरू दहा तासांत गिरकी घेतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित झालेला हा वायू सोबत फरफटत नेतं. या ओढाताणीत वेगावलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांवर आदळतात. म्हणून तिथला ध्रुवीय प्रकाश, म्हणजे या आदळण्याने ध्रुवांवरच्या आकाशात उमटणारी चमक, सूर्य शांत असतानाही विझत नाही. (बराचसा अतिनील, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारच नाही. १९७९ साली व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने तो टिपला.)

आजी म्हणाली, "थंय लाइट कधी जाणा नाय? मगे थंयच रवाक जाऊया."