कमानीपाशी लावलेला पडदा

बॉस्टनच्या चायनाटाउनमध्ये बीच स्ट्रीटच्या तोंडाशी जी मोठी कमान लागते, ती १९८२ साली तैवान सरकारकडून भेट म्हणून आली. तिच्या एका बाजूला ‘हे जग सर्वांचे आहे’ अशा अर्थाची चार चिनी अक्षरे आहेत, ज्यांचा संबंध चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांच्याशी जोडला जातो. दुसऱ्या बाजूला मर्यादा, न्याय, सचोटी आणि लाज या चार गुणांची नावे आहेत. उन्हाळा सरत आला की याच कमानीच्या परिसरात संध्याकाळी पडदा उभा राहतो, खुर्च्या मांडल्या जातात आणि ‘फिल्म्स ॲट द गेट’ हा विनामूल्य चित्रपट महोत्सव भरतो. २००६ साली हडसन स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या भूखंडावर त्याची सुरुवात झाली. एशियन कम्युनिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही संस्था तो भरवते, आणि तिच्या युवा उपक्रमातली शाळकरी मुले-मुली त्याचा बराचसा भार उचलतात.

मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीच्या आग्रहाखातर, आणि खरे सांगायचे तर बाओ, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले चिनी पाव, खायच्या निमित्ताने. आजूबाजूच्या दुकानांतून जेवण बांधून आणावे आणि पडद्यासमोर बसून खावे, असा इथला रिवाज आहे. चित्रपटाआधी सिंहनृत्य आणि कुंग फूची प्रात्यक्षिके होतात. त्या दिवशी ध्वनिक्षेपकासमोर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याने आधी इंग्रजीत निवेदन केले आणि मग कँटोनीज या चिनी बोलीत सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी बसल्या जागेवरून त्याचा उच्चार दुरुस्त केला. तो ओशाळला, तोच शब्द त्यांना हवा तसा पुन्हा म्हणाला, आणि सगळ्या रांगेने मान डोलावली. त्या मुलाचे शिक्षण आणि आजीबाईंची करमणूक दोन्ही एकाच वेळी चालले होते.

हे सगळे कशाच्या आठवणीत चालते, ते मला नंतर समजले. १९७० आणि १९८०च्या दशकांत या वस्तीत हाँगकाँगचे चित्रपट दाखवणारी स्वतःची चित्रपटगृहे होती. त्यांतले ‘पगोडा’ वॉशिंग्टन स्ट्रीटवर होते, १९०३ साली ग्लोब थिएटर म्हणून उघडलेल्या नाट्यगृहाच्या इमारतीत. शहराने १९७४ मध्ये प्रौढांसाठीच्या धंद्यांना नेमून दिलेला पट्टा, ज्याला लोक ‘काँबॅट झोन’ म्हणत, तो इथेच होता. म्हणजे मुलाबाळांना घेऊन सिनेमाला निघालेल्या कुटुंबांना त्या दिव्यांच्या झगमगाटासमोरून जावे लागे. तरी ती जात, कारण उपाहारगृहांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत दिवस काढलेल्या माणसांना आपल्या भाषेत हसायला दुसरी जागा फारशी नव्हती. पुढे व्हिडिओ कॅसेट घरोघर पोहोचल्या आणि ही चित्रपटगृहे बंद पडत गेली. ‘पगोडा’च्या जागी डिम सम, म्हणजे छोटे छोटे चिनी खाद्यपदार्थ, मिळणारे उपाहारगृह झाले. मी तिथे जेवले आहे. डोक्यावर जुन्या नाट्यगृहाचे नक्षीदार छत आणि खाली टेबलांमधून फिरणाऱ्या वाफाळत्या टोपल्यांच्या गाड्या, अशा थाटात पोटापेक्षा मानेलाच जास्त काम पडते.

महोत्सवातल्या कुंग फू चित्रपटांना नाक मुरडणारे लोक भेटतात. मला ती निवड अगदी योग्य वाटते. या वस्तीत कुणी कँटोनीज बोलतो, कुणी तोइसानीज, कुणी मँडरिन, आणि तिसऱ्या पिढीतला कुणी फक्त इंग्रजी. चिनी लिपी मात्र बोलींच्या सीमा ओलांडते. ब्रिटिश अमलाखालच्या हाँगकाँगमधल्या चित्रपटांवर चिनी आणि इंग्रजी अशी दुहेरी उपशीर्षके असत, म्हणूनच एकच चित्रपट आजी, सून आणि नातवाला एकाच वेळी कळू शकतो. शिवाय गुरूचा सूड घ्यायला निघालेल्या शिष्याची गोष्ट समजायला उपशीर्षकांचीही फारशी गरज लागत नाही, हे जत्रेतल्या तंबूत, पडद्याच्या उलट्या बाजूला बसून चित्रपट पाहिलेल्या माझ्यासारखीला वेगळे सांगायला नको.

जागेची निवडही सहज झालेली नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला महामार्गासाठी हडसन स्ट्रीटच्या एका बाजूची घरे पाडली गेली आणि तिथली चिनी कुटुंबे विखुरली. घरे पाडलेली ती जागा पुढे कित्येक वर्षे घरांवाचून राहिली. वस्तीने दीर्घकाळ लावून धरल्यानंतर २०१५ मध्ये तिथे ‘वन ग्रीनवे’ ही निवासी इमारत उभी राहिली, आणि तिच्यात परवडणाऱ्या भाड्याची घरेही आहेत. चायनाटाउनमधली घरभाडी वाढत असताना या परिसरात लोकांना चार तास नुसते बसवून ठेवणे, हाच मला या महोत्सवाचा खरा मुद्दा वाटतो. ज्या मुलांनी ‘पगोडा’चे तिकीट कधी हातात धरले नाही, ती हे काम करतात, याला मी स्मरणरंजन म्हणणार नाही. त्यांना गेलेले चित्रपटगृह परत नको आहे. आजीआजोबांनी संध्याकाळी घराबाहेर पडून आपल्याच गल्लीत बसावे, एवढेच हवे आहे.

चित्रपटाच्या मध्यावर वारा सुटला, पडदा फुगला आणि खलनायकाचे तोंड क्षणभर वाकडे झाले. लोक इतके हसले की पुढचा संवाद कुणालाच ऐकू आला नाही. दोन मुली धावत जाऊन पडद्याच्या दोऱ्या धरून उभ्या राहिल्या आणि शेवटची मारामारी संपेपर्यंत, पडद्याकडे पाठ करून, तशाच उभ्या होत्या. नंतर खुर्च्या घडी करताना त्यांतली एक दुसरीला विचारत होती, “शेवटी जिंकलं कोण?”