असईचे गोलंदाज आणि एक बिडाचा गोळा

गेल्या आठवड्यात लेथवर नऊ सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा गोळा काढला. वजन भरलं पावणेतीन किलो. सहा पौंडी तोफेचा गोळा साधारण एवढाच असायचा. रविवारी तो पिशवीत घालून मोटारसायकलने असईला गेलो. ते रान मला गोळा हातात घेऊनच बघायचं होतं.

असई आमच्याच जालना जिल्ह्यात, भोकरदन आणि जाफराबादच्या मध्ये. एका अंगाला केळना, दुसऱ्या अंगाला जुई. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची ईस्ट इंडिया कंपनीची फौज इथे भिडली. दोन काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये नदी ओलांडायचा उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते त्याच्यासमोर तोफांशी उभ्या असलेल्या माणसांबद्दल.

महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपियन सेनानीकडून कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, उभे करवले, तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. असईला आपल्या बाजूला शंभरावर तोफा होत्या. आणि त्या चालवणारे गोलंदाज पक्के तयार होते.

तोफेच्या नळीचा आतला व्यास गोळ्यापेक्षा जवळपास तीन मिलिमीटर जास्त ठेवत. आम्ही लेथवाले शतांश मिलिमीटरवर भांडतो, पण तिथे एवढी जागा लागायचीच. ओतीव गोळे सगळे सारखे निघत नसत, आणि प्रत्येक बारानंतर नळीत दारूची काजळी साचत जायची. त्या फटीतून धुराबरोबर जोरही वाया जाई.

भरीव गोळ्याची खरी ताकद टप्प्यात. कडक जमिनीवर तो उसळत रांगच्या रांग कापत जातो. मी माझा गोळा बांधाखालच्या ओल्या काळ्या मातीत सोडून पाहिला. धप्प करून बसला, उसळला नाहीच. उकरून काढावा लागला.

शत्रू दोन-तीनशे पावलांवर आला की मात्र गोळा बाजूला आणि छर्ऱ्यांचा डबा आत. पातळ पत्र्याचा डबा, खाली लाकडी चकती, आत खच्चून भरलेल्या गोळ्या. नळीबाहेर पडताच डबा फाटतो आणि गोळ्या पसरत जातात. असई गावाच्या दिशेने भरकटलेल्या वेलस्लीच्या ७४ व्या हायलँडर पलटणीवर अशा माऱ्याचा कहर झाला. पाचशेच्या आसपास माणसं, त्यातली चारशेच्या घरात मेली किंवा जखमी झाली. ती माणसंही कुणाची तरी मुलंच होती, हे तिथे उभं राहिल्यावर जाणवतंच.

एक काम मला सारखं आठवत राहतं. नळी ओल्या बोळ्याने पुसताना आणि दारू ठासताना एक जण तोफेच्या कानावर, म्हणजे मागच्या बत्ती द्यायच्या भोकावर, अंगठा दाबून उभा असे. अंगठा हलला, कानातून हवा गेली, तर आत राहिलेली ठिणगी फुलते आणि समोर गज धरून उभ्या असलेल्या माणसाचे हात जातात. म्हणजे एकाचा जीव दुसऱ्याच्या अंगठ्याखाली. समोरून संगिनी येत असतानाही तो अंगठा तिथेच ठेवायचा!

आणि त्यांनी ठेवला. कित्येक जण तोफेजवळच संगिनीने मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांमध्ये पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे जाताच उठले, आणि त्याच तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि घोडदळ घेऊन त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. शेवटी ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. पण कंपनीकडचे मेलेले आणि जखमी धरून आकडा सोळाशेच्या जवळ गेला होता.

यातल्या एकाही गोलंदाजाचं नाव मला माहीत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

येत्या रविवारी छर्ऱ्यांच्या डब्याचा नमुना करायला घेतोय, अर्थात दारूशिवाय. पत्रा आणलाय, लाकडी चकती सुताराकडे सांगितली आहे.