डी अँझा ते डेव्हिस, व्हाया नाशिकची शाळा

लेक नाशिकला मराठी माध्यमातून दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही सॅन होजेला आलो. इथल्या हायस्कूलची तिला दोनच वर्षं मिळाली, अकरावी आणि बारावी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, थेट प्रवेश देताना हायस्कूलचे ठरावीक १५ कोर्स बघते आणि त्यातही दहावी-अकरावीच्या ग्रेड धरते. तिची दहावी बोर्डाच्या मार्कशीटवर, अकरावी नवख्या देशात बावरलेली. एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण यूसी आता बघतच नाही, त्यामुळे एका परीक्षेत झेंडा लावून कसर भरून काढायचीही सोय नव्हती.

म्हणून मीच लावून धरलं की आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, मग ट्रान्सफर घेऊन यूसीत थेट तिसऱ्या वर्षाला. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज जवळ होतं. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, "अगं, कुठेच नंबर लागला नाही त्यांचं कॉलेज का हे?" प्रश्न रास्त होता, आपल्याकडे तसंच समजतात. पण कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच हा रस्ता आखून ठेवलाय. हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं यूसीकडे, वरची एक तृतीयांश कॅल स्टेटकडे (राज्याची दुसरी विद्यापीठ-व्यवस्था), बाकी शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज, आणि तिथून वर चढायला ट्रान्सफर. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

पैशाचं गणितही होतंच. आम्ही एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, त्यामुळे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरायचाच नाही. पण राज्याचे रहिवासी मात्र ठरता येतं. वर्षभराहून जास्त राहिल्याचे पुरावे लागतात, भाडेकरार, टॅक्स रिटर्न वगैरे. रहिवाशाला डी अँझात ३१ डॉलरला एक क्वार्टर युनिट (क्वार्टर म्हणजे साधारण तीन महिन्यांचं सत्र, युनिट म्हणजे क्रेडिट), म्हणजे कॅल्क्युलसचा पाच युनिटचा कोर्स १५५ डॉलरला. यूसीत रहिवासी न ठरलेल्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त भरावे लागतात. तेव्हा ही फाइल आधी नीट लावा.

खरं काम कोर्स निवडण्यात आहे. असिस्ट नावाची साइट आहे. तिच्यावर आपलं कॉलेज, जायचा कॅम्पस आणि विषय टाकला की इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते दिसतं. तिला यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला अर्थशास्त्र करायचं होतं. मायक्रो, मॅक्रो, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स असं तिकडून उलटं इकडे मांडत आम्ही दोन वर्षांचा तक्ता केला. जी मुलं आवडेल ते घेत जातात ती ट्रान्सफरला लागणारी ९० युनिट भरूनही अडकतात, कारण युनिट भरणं वेगळं आणि लागणारे कोर्स भरणं वेगळं.

मग आली परभाषेची अट. तेव्हा आयजेट्सी नावाची जनरल एज्युकेशनची, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या कोर्सची, यादी होती. यूसीला जाणाऱ्याला त्यात इंग्रजीखेरीज एका भाषेचं दोन वर्षांचं ज्ञान दाखवावं लागे. बरोबरीची मुलं स्पॅनिश घेत होती. काउन्सेलरने नियम दाखवला: सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमात, बऱ्या गुणांनी शिकलेलं असलं तरी चालतं. फक्त शाळेचं तसं पत्र आणा.

सासरे शाळेत गेले. क्लार्कने सवयीने बोनाफाइड काढून दिलं, त्यात माध्यमाचा उल्लेखच नाही. मग सासऱ्यांनी मुख्याध्यापकांसमोर बसून मजकूर सांगितला: कुठल्या इयत्ता, कुठली वर्षं, शिक्षणाचं माध्यम मराठी. लेटरहेड, गोल शिक्का, सही, सोबत प्रगतिपुस्तकांच्या प्रती आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर. "अमेरिकेला आपल्या शाळेचा शिक्का लागतो," हे ते आठवडाभर कट्ट्यावर सांगत होते. स्पॅनिशची दोन क्वार्टर वाचली. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सत्रापासून, त्या यादीच्या जागी कॅल-जेट्सी आलीय, तिच्यात ही अट नाही. पण आधीच्या यादीवर असाल तर जुनी प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका.

टॅग म्हणजे ट्रान्सफरच्या मुलांना यूसीत हमीचा प्रवेश. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पससाठी तो भरता येतो, तोही फक्त सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो या भानगडीत पडत नाहीत. टॅग भरला की झालं असं मात्र नाही. मुख्य अर्ज पुन्हा वेगळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यात चार छोटे निबंध, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे. ते तिने मला वाचू दिले नाहीत, आणि ते बरंच झालं.

जानेवारीत फॉलच्या ग्रेड आणि पुढचे कोर्स कळवायचा आणखी एक फॉर्म असतो. अर्ज केल्यावर सुटकेचा श्वास टाकणारी मुलं नेमका तोच विसरतात. एप्रिलमध्ये डेव्हिसचं पत्र आलं. बर्कलीचंही आलं, नकाराचं. १ जूनच्या आत होकार कळवला, १ जुलैच्या आत शेवटच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिका, पाठवल्या. आता तिला सायकल हवीय. डेव्हिसला म्हणे तिच्याशिवाय पान हलत नाही.