टाळूची सुई

वरची दाढ काढायची म्हटलं की आमच्याकडचे पेशंट दाढेला घाबरत नाहीत, टाळूत देतात त्या भुलीच्या सुईला घाबरतात. पूर्वी कधी ती घेतलेला माणूस तर खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, टाळूमा सुई देशात का?" मी अमळनेरजवळ दातांचा दवाखाना चालवते. या एका इंजेक्शनावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी मी दुसऱ्या कशावर घेतली नसेल. कारण या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने किडकी दाढ तोंडात बाळगतात. ठणका लागला की तिच्यावर मिश्री दाबतात, तंबाखूची चिमूट ठेवतात, गाल सुजला की मेडिकलवरून गोळ्या आणतात, आणि पू झाल्यावर दवाखान्यात येतात. तोवर भूलसुद्धा नीट चढत नाही, कारण पू झालेल्या जागी औषधाचा जोर कमी पडतो.

माझ्या मनात हा विषय शिरला तो शाळेत असताना. दात पुढे होते म्हणून तार लावायची होती आणि त्यासाठी वरच्या दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढायच्या होत्या. पहिली एका डॉक्टरांनी काढली. टाळूला सुई लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, दात कधी निघाला ते कळलंही नाही. दुसऱ्या बाजूची काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी काढली. त्यांनी आधी टाळूवर काहीतरी बोथट दाबून धरलं आणि दाबूनच ठेवलं, मग सुई. दाब कळला, टोचणं जवळजवळ नाहीच. औषध तेच आणि तोंडही माझंच. मग फरक कशानं पडला, हे कुतूहल मला डेंटलला घेऊन गेलं असं म्हटलं तरी चालेल.

उत्तर पहिल्यांदा शरीररचनेच्या वर्गात मिळालं. ओठ-गालाच्या आतलं अस्तर सैल असतं, औषध तिथं आरामात पसरतं. टाळूचं अस्तर मात्र हाडावरच्या पापुद्र्याला घट्ट चिकटलेलं, ढोलकीवर ताणलेल्या कातड्यासारखं. त्याखाली औषध मावायला जागाच नसते. जोरात ढकललं की ते अस्तर हाडापासून उचकटतं आणि तीच खरी वेदना. म्हणजे दुखतं ते सुईच्या टोकापेक्षा औषध घुसवण्याच्या दाबानं. सुई कितीही बारीक घ्या, अंगठ्यानं पिस्टन दाबायची घाई केली तर पेशंट उसळणारच.

दुसरी गोष्ट पेशंटांना माहीत नसते, म्हणून मी ती आवर्जून सांगते. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं, त्यामुळे गालाच्या बाजूनं दिलेली भूल झिरपून दाताच्या नसेपर्यंत, म्हणजे वेदना नेणाऱ्या मज्जातंतूपर्यंत, पोचते. नुसती दाढ भरायची असेल तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं, टाळूला हात लावायची गरज नसते. दात काढताना मात्र चिमटा टाळूकडच्या हिरडीलाही धरतो, आणि त्या हिरडीची नस वेगळी. मागच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या आतल्या अंगाला हाडात एक छिद्र असतं, तिथून एक नस निघून पहिल्या उपदाढेपर्यंत पुढे येते. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतचा पुढचा भाग दुसऱ्या नसेकडे. ती समोरच्या दोन दातांच्या मागे जो छोटा उंचवटा जिभेला लागतो, त्याच्याखालून बाहेर येते.

हात बसला तो धुळ्याला इंटर्नशिपमध्ये. ओपीडीत साक्री, शिरपूर, शिंदखेडा, सगळीकडचे पेशंट सकाळपासून रांगेत असायचे. आमचे सर मागे उभे राहून एकच सांगायचे, "सुईकडे काय बघतेस? टाळूचा रंग बघ." औषध आत गेलं की टाळू पांढुरकी पडते, ती कुठवर पडली ते बघायचं. त्यांच्या शिकवण्याचा गाभा एवढाच होता, आणि आजही माझं काम त्यावरच चालतं.

आता मी करते ते असं. आधी गालाकडून भूल देते आणि ती चढू देते. टाळू कोरडी पुसून त्यावर बधिर करणारं जेल लावते आणि निदान दोन मिनिटं थांबते. ही दोन मिनिटं फार महत्त्वाची. घड्याळ न बघता अर्ध्या मिनिटात सुई उचलली तर जेल लावलं काय अन् न लावलं काय, सारखंच. मागची दाढ असेल तर कापूस गुंडाळलेली काडी टाळूच्या उतारावरून मागे मागे सरकवत नेते. एका जागी ती किंचित खळग्यात बसते, नसेचं छिद्र तिथंच. त्या जागी काडी घट्ट दाबायची, आजूबाजूचा भाग पांढुरका पडेपर्यंत, आणि अर्धा मिनिट तशीच धरायची. त्या दाबानं जागा बरीचशी बोथट होते. मग काडी न हलवता तिच्या शेजारीच सुईचं टोक टेकवायचं आणि आत जाण्याआधीच एक थेंब सोडायचा. पुढं प्रत्येक कणभर सरकण्याआधी एक थेंब. औषध सुईच्या पुढे चालावं, सुई औषधाच्या पुढे नाही. हाडाला टेकल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं, कारण नसेच्या सोबत रक्तवाहिनीही त्याच छिद्रातून येते. मग अर्धा मिनिट घेऊन जेमतेम अर्धा मिली. एकाच दाताच्या हिरडीपुरतं हवं असेल तर पाव मिलीही पुरतो.

या सगळ्याला महागडं मशीन लागत नाही. औषधाचा वेग कॉम्प्युटरनं सांभाळणारी यंत्रं १९९७ पासून बाजारात आहेत आणि ती चांगली आहेत. पण तालुक्याच्या दवाखान्यात बहुधा ३० मिलीची बाटली आणि साधी डिस्पोजेबल सिरिंज असते. तिच्यानंही काम हळू करता येतं, फक्त अंगठ्याला सवय लावावी लागते. आणखी एक इथली गोष्ट: मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ वर जातो, म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवतो. पण फ्रिजमधून काढलेलं गार औषध टाळूत जास्त चुरचुरतं, त्यामुळे भरलेली सिरिंज मी थोडा वेळ मुठीत धरते.

पेशंटचं तोंड उघडं, त्याला बोलता येत नाही, आणि माझे डोळे टाळूच्या रंगावर. म्हणून माझ्या असिस्टंट ताई पेशंटच्या पायांकडे बघत असतात. अंगठे आखडले की त्या "मॅडम" एवढंच म्हणतात आणि मी थांबते. पारोळ्याकडचे एक आजोबा, कापूस उत्पादक, अनेक महिने दाढ घेऊन फिरत होते. त्यांना मी दर टप्प्याला विचारत गेले, "आप्पा, आते दुखस का?" ते हातानं नाही म्हणत होते, पाय सैल होते. त्यांची काळजी वेगळीच होती: बीपीची गोळी चालू होती आणि कुणीतरी सांगितलं होतं की भुलीच्या औषधात ॲड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारं द्रव्य, असतं. ते खरं आहे. २ टक्के लिग्नोकेनमध्ये, म्हणजे नेहमीच्या भुलीच्या औषधात, १:८०,००० प्रमाणात ॲड्रेनालिन असेल तर १ मिलीत ०.०१२५ मिलिग्रॅम येतं. हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी एका वेळची मर्यादा साधारण ०.०४ मिलिग्रॅम धरतात. टाळूत जातं त्यातलं अगदी थोडं. आप्पांचं बीपी मोजलं, आटोक्यात होतं, आणि गालाकडचं-टाळूकडचं मिळून हिशोब मर्यादेच्या बराच आत ठेवला. हे आकडे त्यांच्या मुलालाही मोजून दाखवले, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

ॲड्रेनालिनची धास्ती मला वेगळ्या कारणासाठी वाटते. टाळूत ते जास्त प्रमाणात किंवा जोरात गेलं तर तिथला रक्तपुरवठा बराच वेळ आकसतो आणि दोन दिवसांनी त्या जागी खोल जखम दिसते. ती बरी होते, पण आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस माणूस तिखट घासाला घाबरतो. पांढुरकेपणा दिसला की थांबायचं, तो आणखी पसरवायचा नाही.

पुढच्या दातांमागचा उंचवटा ही सगळ्यात हळवी जागा. तिथं मी थेट मधोमध कधीच टोचत नाही. आधी ओठाकडून भूल, मग समोरच्या दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून थोडं औषध आत सोडते, ते मागच्या बाजूला झिरपून तिथली हिरडी पांढुरकी दिसू लागते. त्यानंतर उंचवट्याच्या बाजूनं शेवटचा थेंब. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना तर बहुतेक वेळा हा हिरडीतला रस्ताच पुरतो.

तरीही काही तोंडं अवघड असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीनं आवळलेली तोंडं अजून रोज दिसतात, तरण्या पोरांची. दोन बोटंही आत जात नाहीत, जेलसुद्धा झोंबतं, आणि टाळू आधीच पांढुरकी, चिवट झालेली. "रंग बघ" हा सरांचा नियम तिथं चालत नाही. मग अंगठ्याला लागणारा विरोध हीच खूण, आणि वेळ दुप्पट. या पोरांना दाढ काढून तसंच घरी पाठवणं मला जमत नाही, सुपारीबद्दल बोलतेच.

अलीकडे मी आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध वापरते. जर्मनीत ते १९७६ पासून आहे, अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. ४ टक्क्यांचं हे औषध हाडातून चांगलं झिरपतं. गालाकडूनच देऊन आठ-दहा मिनिटं थांबलं तर बऱ्याच वरच्या दातांना टाळूची सुई लागतच नाही. मी अणकुचीदार अवजारानं टाळूकडची हिरडी दाबून बघते, पेशंटला नुसता दाब कळला तर पुढे जाते. मागच्या दाढांना, जिथं टाळूकडचं मूळ लांब पडतं, तिथं पुष्कळदा थोडी सुई लागतेच, पण ती अर्धवट बधिर झालेल्या जागी बसते. चार वर्षांखालच्या मुलांना हे देत नाही, आणि लिग्नोकेनपेक्षा महाग पडतं, हेही आधीच सांगते.

उठताना प्रत्येकाला दोन गोष्टी सांगते. घशाकडे जाड वाटलं, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, भूल थोडी मागच्या मऊ टाळूपर्यंत गेलेली असते. आणि बधिरपणा तीन ते पाच तास राहतो, तोवर गरम काही तोंडात घालायचं नाही, भाजलं तरी कळणार नाही. थंड ताक चालेल, मऊ खिचडी कोमट करून चालेल. शेवभाजी जखम भरेपर्यंत नाही.