सेंटर लॉक बिघडलं की आधी दरवाज्याची रबरी नळी बघा

पाऊस लागला की बेळगावात दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असलेल्या कुणा ना कुणाचं सेंटर लॉक, म्हणजे एका बटणात सगळे दरवाजे लागायची सोय, बिघडतंच. परवा खानापूरच्या मामांचा फोन, "अरे, रिमोट दाबला की तीन दरवाजे लागतायत, ड्रायव्हरचा उघडाच राहतोय, गॅरेजवाला म्हणतोय अख्खा सेट बदला." म्हटलं, "मामा, थांबा की जरा, पैसे घालू नका, मी येऊन बघतो." कारण असे चांगले चालणारे सेट काढून टाकलेले मी बघितलेत आणि मला खरंच वाईट वाटतं, बिघाड बहुतेक वेळा एका वायरीत असतो.

पहिला प्रश्न एवढाच, एक दरवाजा की सगळे? सगळेच लागत नसतील तर ड्रायव्हरच्या दाराला किल्ली घालून फिरवा. किल्लीने सगळे लागले म्हणजे फ्यूज, वायरिंग, मोटरी ठीक आहेत, दोष रिमोटकडे. किल्लीनेही नाही लागले तर आधी फ्यूज, मग गाडीची बॅटरी. चांगली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, त्याच्या बरीच खाली गेली की सगळी लॉकं एकदम मंद होतात.

रिमोटमध्ये बहुतेक सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. ह्यात २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानात कधी कधी २०२५ हातात देतात, "चालतंय की" म्हणून, तो २.५ मिलिमीटरचाच, मग खिशात हलला की कॉन्टॅक्ट सुटतो आणि रिमोट कधी चालतो कधी नाही. जुन्या सेलवरचा नंबर बघूनच नवीन घ्या. आणि गाडी चालू होते म्हणजे रिमोट ठीक असं धरू नका, इमोबिलायझरची, म्हणजे दुसऱ्या किल्लीने गाडी चालू होऊ न देणारी चिप किल्लीत वेगळी असते, तिला सेल लागतच नाही, इग्निशनच्या कॉइलमधूनच तिला करंट मिळतो. घरात पोरं रिमोट दाबत बसली तरी त्याचा दर दाबाला बदलणारा कोड पुढं सरकतो, फार पुढं गेला की गाडी ओळखत नाही, मग परत जोडायची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

आता मामांच्यासारखं एकच दार असेल तर दार उघडून बिजागरीजवळ बघा, पिलर (दार ज्याला टांगलेलं असतं तो बॉडीचा खांब) आणि दाराच्या मधे काळी रबरी नळी दिसेल. त्यातनं सगळ्या वायरी जातात आणि दार उघडेल-लागेल तसं तिथंच वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत, म्हणून नुसतं बघून कळत नाही, वायर हळूच ओढली की रबरासारखी ताणते. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं म्हणून बहुतेक तेच जातं.

तपासताना मल्टिमीटरपेक्षा साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी लावलेला छोटा बल्ब, बरा. एक बारीक तार जरी चिकटून राहिली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटर फिरवायला करंट पुरत नाही, आणि लॉकला जाणारी विजेची पल्स क्षणभरच असते, मीटरवर ती नीट दिसत नाही. दोन वायरीच्या लॉक गनच्या (दारातली लॉक ओढणारी छोटी मोटर) सॉकेटवर लॅम्प लावा, कुणाला तरी रिमोट दाबायला सांगा आणि दार हळूहळू हलवत रहा. लॅम्प जोरात पेटतोय आणि गन गप्प, म्हणजे गन गेली. लॅम्प दाराच्या एखाद्याच पोझिशनला पेटतोय, म्हणजे वायर. मामांची वायरच निघाली.

जोडताना मात्र तिथंच पीळ घालून टेप गुंडाळू नका, सोल्डरही करू नका. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकायच्या जागी तिच्या शेजारीच परत तुटते. मऊ वायरीचा नवीन तुकडा टाका, एक जोड पिलरच्या आत, दुसरा दाराच्या आत, वाकणाऱ्या भागात जोड नकोच.

दुसरं कारण आपल्या भागातलं. जांबोटी-चोर्ला बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या दारात लाल माती बसते, खालची पाणी जायची भोकं बुजतात. त्यात काच दुरुस्त करताना डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूचं कव्हर) मागचा प्लास्टिकचा कागद कुणीतरी फाडलेला असतो आणि परत लावलेला नसतो, ह्याचा मला फार राग येतो, कारण दारात उतरलेलं पाणी मग आत पॅडवर येतं आणि कनेक्टर हिरवे पडतात. भोकं बारीक काडीने मोकळी करा, कागद परत चिकटवा. लॅच, म्हणजे दार अडकवणारा खटका, धुळीने जड झाला असेल तर आतली लॉकची खुंटी बोटाने ओढून बघा, बोटाला जड लागतंय तर त्या छोट्या मोटरला काय ओढणार? साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा.

आणि रिमोट असला तरी महिन्यातनं एकदा किल्लीने दार उघडत जा. वापर नसला की किल्लीचा सिलेंडर आत गंजून जाम होतो, आणि बॅटरी पूर्ण उतरली की आत शिरायला तोच एक रस्ता उरतो.