कबाड्याकडचा बिडाचा तवा स्वयंपाकात आणताना

नागपुरात महालचा बुधवार बाजार असो की इतवारीतल्या कबाड्यांची दुकानं, बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची भांडी ढिगाच्या तळाशीच सापडतात, कारण ती जड असतात. माझ्या अनुभवात दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सर्वांत चांगले. घराघरातले माळे रिकामे होत असतात आणि माल रोज बदलतो. भाव वजनावर ठरतो. दहा इंची जुना तवा साधारण दोन ते अडीच किलो भरतो.

हाती आलेला तवा बिडाचाच आहे का, ते आधी पाहतो. लोहचुंबक पत्र्याच्या तव्यालाही चिकटतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. बिडाचा तवा चार-पाच मिलिमीटर जाड असतो, कान किंवा मूठ अंगासोबतच ओतलेली असते, रिव्हेट नसतात. मग एका बोटावर लटकवून लाकडी मुठीने टिचकी मारतो. घंटेसारखा आवाज घुमला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. सपाट फरशीवर ठेवून कडा दाबल्यावर डुगडुगला, तर तो गॅसवरही डुगडुगणार. गंज आणि काजळीचं मला काही वाटत नाही, ते निघतं. पण तळाशी नखाने ओरखडा उठेल असा मऊ, राखाडी धातू चिकटलेला दिसला तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही. शिसं वितळवायला वापरलेलं भांडं असू शकतं, आणि ते घासून खात्रीने साफ होत नाही.

यानंतर कुणीतरी हमखास सल्ला देतं की आगीत टाक किंवा ग्राइंडर फिरव. दोन्ही करू नका. निखाऱ्यात तवा एका बाजूने जास्त तापतो, वाकतो किंवा तडकतो, आणि लालसर खपली धरलेल्या पृष्ठभागावर शेवटी तापवून चढवायचा तेलाचा थर नीट बसत नाही. ग्राइंडरने आरशासारखा गुळगुळीत केला तर थराला धरायला जागाच उरत नाही.

जळकट तेलाच्या जुन्या पुटासाठी कॉस्टिक सोडा वापरतो: झाकणाच्या प्लास्टिक बादलीत १० लिटर पाणी, त्यात ५०० ग्रॅम सोडा. सोडा थोडाथोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅल्युमिनियमचं काहीही आत नको आणि बादली मुलांच्या हाताला लागायला नको. चार-पाच दिवसांत पूट मऊ होऊन सुटतं. थंडीत आठवडा धरा.

सोड्याने गंज मात्र जात नाही. थोडा गंज असेल तर व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन अर्धा तास बुडवतो, घासतो, लागलं तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवलं तर आम्ल चांगलं लोखंडही खातं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. गंज खोल असेल तर वीज लावतो. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, जुन्या पद्धतीचा १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक तव्याला, धन टोक साध्या लोखंडी सळईला. टोकं उलटी लागली तर तवाच झिजतो. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्त चढवलेला पत्राही नको. तवा आणि सळईत सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवायचं. सळईसमोरची बाजूच आधी साफ होते, म्हणून चार तासांनी चार्जर बंद करून तवा फिरवतो. हायड्रोजन निघतो, तेव्हा हे काम गच्चीवर किंवा अंगणात, विडी-काडीपासून दूर. बुडबुडे येत नसतील तर बहुतेक वेळा चिमट्याखाली गंज राहिलेला असतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासली की चालू होतं. आपोआप बंद होणारे नवे चार्जर मात्र यासाठी चालूच होत नाहीत.

बाहेर काढलेल्या तव्यावर काळी पावडर दिसते, ती तारेच्या घासणीने निघते. थंड पाण्याने धुऊन लगेच पुसायचा आणि मंद आचेवर पूर्ण वाळवायचा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत इथे पाच मिनिटं जरी उघडा राहिला तरी केशरी झाक चढते.

आता तेल. विदर्भात घाण्याचं जवसाचं तेल सहज मिळतं आणि त्याचा थर चकचकीत, कडक होतो. पण तो ठिसूळ असतो, उलथन्याच्या माराने पापुद्रे निघतात. मी साधं रिफाइंड सोयाबीन वापरतो. कोमट तव्याच्या दोन्ही बाजूंना मिळून पाव चमचा तेल चोळतो आणि कोरड्या सुती फडक्याने, चुकून लागलं होतं अशा थाटात, सगळं पुसून टाकतो. ओव्हनमध्ये पालथा ठेवून दहा मिनिटांनी काढतो, वर आलेले बारीक थेंब पुन्हा पुसतो. मग २३० अंशांवर एक तास, आणि आतच थंड होऊ देतो. तेल जळून जात नाही, ते लोखंडावर घट्ट जमतं. पहिल्या थराला तांबूस रंग येतो, चौथ्याला काळपट. असे चार थर.

बोट लावल्यावर चिकट लागलं तर तेल जास्त झालं. एक तास पुन्हा तापवून पाहायचं, तरीही चिकट राहिलं तर परत कॉस्टिक सोड्याच्या बादलीत. ओव्हन नसेल तर लहान बर्नरवर तवा सरकवत-फिरवत तापवता येतो, पण कडेला थर कच्चा राहतो. थंड तव्याखाली एकदम मोठी आच नको, तडकतो.

पहिला महिना धिरडी, थालीपीठ, सावजी मसाल्यासाठी कांदा-खोबरं भाजणं, एवढंच. टोमॅटो, चिंच, ताक यांनी नवा थर सुटतो. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा स्वयंपाकघरात येते, म्हणून धुऊन तापवलेल्या तव्याला तेलाचा हात फिरवून तो त्या झोतापासून दूर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो.