केसपेपरवरची सही

त्या सकाळच्या राऊंडला अंतिम वर्षाचे आठ विद्यार्थी होते आणि विषय आदल्या दिवशीच ठरलेला होता : मुलांमधील कावीळ. वॉर्डात त्या आठवड्यात काविळीची तीन मुले दाखल होती. त्यांपैकी दोघांना हिपॅटायटिस ए झालेला होता, आणि त्यांच्याविषयी फारसे बोलण्यासारखे काही नव्हते. तिसरा मुलगा तेरा वर्षांचा, आदल्या रात्री आलेला. दहा-बारा दिवसांची कावीळ, चहासारखी लघवी, पायांवर सूज आणि कमालीचा फिकटपणा. गळ्यात काविळीची माळ होती आणि ती बेंबीपर्यंत उतरली होती. ती काढायला रात्रीच्या इंटर्नने सांगितले नाही, हे मला बरे वाटले. माळेने मुलाचे काही बिघडत नाही आणि ती ओढून काढली की घरचे लोक पुढचे काही सांगेनासे होतात.

केस मांडायला उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीने इतिहास नीट घेतला होता. चार महिन्यांपूर्वी अशीच कावीळ होऊन गेली, आमच्याच ओपीडीत दाखवले होते, असे सांगून तिने घडी पडलेला जुना केसपेपर पिशवीतून काढला आणि मोठ्याने वाचला. हिपॅटायटिस ए निगेटिव्ह, ई निगेटिव्ह, बी आणि सी निगेटिव्ह. खाली निदान : विषाणूजन्य कावीळ. विश्रांती, साधा आहार, पंधरा दिवसांनी दाखवणे. त्याखालची सही वाचताना ती थबकली, कारण ती माझी होती. चारही विषाणू नाहीत असे लिहिलेल्या कागदावर मीच विषाणूचे नाव घातले होते. ओपीडीत त्या दिवशी किती गर्दी होती ते मला आठवत नाही, आणि आठवले असते तरी त्याचा उपयोग नव्हता. मी तिला पुढे वाचायला सांगितले.

हिमोग्लोबिन ७.२. रेटिक्युलोसाइट (नव्याने बनलेल्या तांबड्या पेशी) ९ टक्के, म्हणजे तांबड्या पेशी कुठेतरी भराभर फुटत होत्या. पण कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह, म्हणजे त्या शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे फुटत नव्हत्या. बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) ११, यकृताची एन्झाइम्स एएसटी १४८ व एएलटी ६२, यकृतात बनणारे प्रथिन अल्ब्युमिन २.४, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) १.९, आणि रात्री व्हिटॅमिन के देऊनही सकाळी तेवढाच. विद्यार्थ्यांनी हा शेवटचा मुद्दा सहसा सोडू नये. पित्त अडल्यामुळे व्हिटॅमिन के शोषले जात नसेल तर इंजेक्शनने आयएनआर सुधारतो. सुधारला नाही तर यकृताची रक्त गोठवणारे घटक तयार करण्याची ताकदच संपत आली आहे. अल्कलाइन फॉस्फटेज (यकृतात आणि हाडांत बनणारे एन्झाइम) होता ३८, आणि आमच्या रेसिडेंटने त्याभोवती पेन्सिलने गोल करून 'पुन्हा पाठवणे' असे लिहिले होते. वाढत्या वयाच्या मुलात हाडांमुळेच हा आकडा काहीशे असतो, तेव्हा यंत्राची चूक असेल असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. मी विद्यार्थ्यांना फक्त दोन भागाकार करायला लावले. अल्कलाइन फॉस्फटेज भागिले बिलिरुबिन : चारापेक्षा कमी. एएसटी भागिले एएलटी : २.२ पेक्षा जास्त. यकृत निकामी होत असलेल्या मुलात हे दोन्ही एकत्र दिसले आणि सोबत कूम्ब्स निगेटिव्ह रक्तलय (तांबड्या पेशी फुटणे) असला, तर शरीरात साठलेल्या तांब्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग मुलाकडे वळलो. प्लीहा दोन बोटे लागत होती, पोटात थोडे पाणी होते. म्हणजे आजार दहा दिवसांचा नव्हता. सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, आधीच झालेला होता आणि कावीळ हा त्यावरचा नवा घाव होता. मी आजीला विचारले की शाळेत कसा आहे. "पयला नंबर काढायचा बाई, औंदा गुरुजी म्हनले अक्षार पार बिघडलं. आन रातच्याला उशी भिजतीया लाळंनं." दप्तर सोबत आले होते. मागच्या वर्षीच्या वहीतले अक्षर टपोरे, ओळीवर बसलेले. या वर्षीच्या वहीत तेच अक्षर पानागणिक बारीक होत गेलेले, काने वाकडे आणि 'क'ची गाठ उघडी राहिलेली. वही हातोहात फिरली. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी दुसरे काही टिपून घेतले असेल-नसेल, ती वही प्रत्येकाने दोनदा पाहिली.

टॉर्चने डोळ्यांत काही दिसले नाही. नेत्रविभागात स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) मात्र बुबुळाच्या वरच्या आणि खालच्या कडेला तांबे साठून झालेली सोनेरी-तपकिरी कड स्पष्ट दिसली : कायसर-फ्लायशर रिंग. यकृताच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या सुमारे निम्म्याच रुग्णांत ती आढळते, त्यामुळे ती नाही म्हणून विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठत जाण्याचा आजार, नाही असे म्हणता येत नाही. पुढे सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबे वाहून नेणारे प्रथिन) ९ आले, जे किमान २० असायला हवे, आणि चोवीस तासांच्या लघवीत तांबे ६४० मायक्रोग्रॅम, जिथे १००च्या वरचा आकडाच शंका घ्यायला पुरतो. आयएनआर बिघडलेला असताना बायोप्सीचा धोका पत्करण्याची गरज राहिली नाही.

विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात दोष एटीपी७बी या जनुकात असतो. अन्नातून रोज येणारे जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ती वाटच बंद झाली की तांबे यकृतात साठते, यकृत भरले की रक्तात सांडते, तिथे तांबड्या पेशी फोडते, आणि मग मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या बेसल गँग्लिया या भागात व डोळ्यांच्या कडेत जाऊन बसते. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "ही माझ्या मामाचीच मुलगी." आपल्याकडे मामाची मुलगी करणे हा रिवाज आहे, त्यामुळे हा प्रश्न संकोच न करता प्रत्येक वेळी विचारायचा असतो. चार महिन्यांपूर्वी मी तो विचारला नव्हता.

आजीने मात्र 'तांबे' एवढा एकच शब्द उचलला. "हंड्यातलं पानी पितंय लेकरू, त्यानं झालं का?" मी नाही म्हणाले, पण प्रश्न वेडगळ नव्हता. माझ्या शिक्षकांनी उमेदीच्या काळात भांड्यातल्या तांब्याने गेलेली लहान मुले पाहिली होती. वर्ष-दोन वर्षांची बाळे, दगडासारखे टणक आणि धारदार कडेचे यकृत, आणि काही महिन्यांत मृत्यू. त्याला इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस म्हणत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ मध्ये दाखवले की या बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असे, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवले व ठेवले जाई. कल्हई उडालेल्या पातेल्यातले तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाई. भांडी स्टीलची झाली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्या मुलांत सेरुलोप्लाझ्मिन कमी नसे, हा फरक मी विद्यार्थ्यांना तिथेच लिहून घ्यायला लावला. आजीला एवढेच सांगितले की हंड्याने हा आजार झालेला नाही, पण या मुलाने त्यातले पाणी पिऊ नये.

उपचारात मुख्य निर्णय असतो प्रत्यारोपणाचा. बिलिरुबिन, आयएनआर, एएसटी, पांढऱ्या पेशी आणि अल्ब्युमिन यांवरून गुण काढतात. ११ किंवा जास्त झाले तर औषधांवर थांबणे धोक्याचे. याचे ८ आले, यकृत निकामी झाल्याने येणारी गुंगी नव्हती, म्हणून औषधे सुरू केली आणि प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी कळवून ठेवले. तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन अडीचशे मिलिग्रॅमपासून, आठवड्याने वाढवत, जेवणाआधी एक तास, सोबत पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी६). डोस घाईने वाढवला तर हातांचा कंप वाढू शकतो, आणि लघवीतील प्रथिने व रक्तपेशी तपासत राहावे लागते. औषध जन्मभर घ्यायचे असते. ते बंद केलेली मुले वर्ष-दोन वर्षांनी जेव्हा परत येतात, तेव्हा बहुधा औषधाची वेळ टळून गेलेली असते.

पहिले तीन आठवडे आयएनआर हलला नाही आणि मी रोज सकाळी आधी तोच कागद पाहत असे. तीन महिन्यांनी तो १.३ झाला, हिमोग्लोबिन ११ झाले, सूज उतरली. अक्षर अजून पहिल्यासारखे नाही.

भावंडांत चारांत एकाला हा आजार असण्याची शक्यता असते, म्हणून नऊ वर्षांच्या बहिणीलाही बोलावून घेतले होते. ती उड्या मारत आली. एएलटी ८८, सेरुलोप्लाझ्मिन ११, लघवीतले तांबेही वाढलेले. तिला झिंक सुरू केले, जे आतड्यातच तांबे अडवते. झिंकने मळमळते म्हणून ती अजून तक्रार करते, पण तिची खरी तक्रार वेगळी आहे. स्लिट लॅम्पखाली दादाच्या डोळ्यांत सोन्याचे कडे दिसले आणि तिच्या डोळ्यांत काहीच नाही, हे तिला पटलेले नाही. दादाचेही कडे औषधाने हळूहळू पुसट होईल असे मी सांगितले, तेव्हा दोघेही नाराज झाले.